तीन बोटांचा अंगारा

"पावडर लावायची नाही, मावशी. क्रीम नाही, तेल नाही, सेंट नाही. आंघोळ करायची आणि कोऱ्या अंगानं यायचं. राहील ना ध्यानात?"

जालन्याच्या सेंटरमधल्या आकांक्षाचं हे बोलणं बायनाबाईनं वर्षभर स्तोत्रासारखं पाठ करून ठेवलं होतं. भाकरी थापताना म्हणायची, निंदायला बसली की म्हणायची. छातीचं ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, गेलेले केस परत आले आणि त्यांची बोटभर वेणीही पडायला लागली. आता रोज संध्याकाळी एक गोळी आणि वर्षातून एकदा आकांक्षाच्या मशीनमधला छातीचा फोटो, एवढंच मागं राहिलं होतं. आत पुन्हा काही उगवलं नाही ना, ते त्या फोटोत बघायचं. डॉक्टर 'ठीक' म्हणाले की टेंभुर्णीतल्या त्या घराचा जीव भांड्यात पडायचा, आणि सगळे पुन्हा आपापसांत भांडायला मोकळे व्हायचे.

बायनाबाई नेमाची बाई. चातुर्मासात पहाटे डोळा उघडल्यापासून तुळशीपुढं सकाळचा दिवा लागेपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. शेजारीण साखर मागायला आली तरी मानेनंच हो-नाही. आणि मौनात मान हलवली म्हणजे शब्द दिला, असं ती मानायची. तोंडानं दिलेला शब्द एखाद्या वेळी निसटेल, पण देवाच्या डोळ्यांदेखत हललेली मान कशी निसटणार?

फोटोच्या दिवशी हाच नेम नडला.

आंघोळ करून ती देवघरात आली, तर तिचे मालक आबाराव आधीच तिथं उभे. हा माणूस देवघरात लाइट लावायलासुद्धा यायचा नाही. अंगारे-धुपारे म्हणजे बायकांचे उद्योग, असं चावडीवर मोठ्यानं सांगायचा.

"आगं, इकडं ये. पदर सरकव जरा."

बायनाबाईनं डोळे मोठे केले. सून आली घरात, आणि पहाटेच्या पारी देवासमोर हे काय?

"तसं न्हाई गं," आबाराव कानापर्यंत लाल झाले. बनियनच्या आतून त्यांनी कागदाची पुडी काढली. "नाथाच्या मठातून आणलाय. धुनीचा हाय." महादेवाच्या पिंडीवर ओढावेत तसे तीन बोटांचे तीन आडवे पट्टे त्यांनी तिच्या ऑपरेशनच्या खुणेशेजारी ओढले. हात थरथरत होता. "कोणाला बोलू नको. धाकट्या कडूबाला कळलं तर गावभर करीन त्यो."

बायनाबाईला आकांक्षा आठवली. कोऱ्या अंगानं. पण बोलायची सोय नव्हती. आणि तिनं मनाशी विचार केला: ही काय पावडर थोडीच आहे? हा प्रसाद. पावडर दुकानात मिळते. तिनं मान हलवली.

स्वयंपाकघरात गेली, तर नणंद नंदाबाई चुलीपाशी दबा धरून बसलेली. ती आदल्या दिवशीच भोकरदनहून आली होती, मुद्दाम.

"वैनी, बोलू नका. मला ठावं हाय तुमचं मौन. म्हणून तर आत्ता गाठलं, न्हाई तर तुम्ही छप्पन सवाल इचारता." तिनं कनवटीची पुडी सोडली आणि देवीचा अंगारा अंगठ्यानं दाबून लावला, पोस्टातला माणूस शिक्का मारतो तसा. "मोनिकाला सांगू नका. शिकलेली हाय ती, हसंल."

बायनाबाईनं मान हलवली.

शिकलेली सून मोनिका मागच्या दारात भेटली. हातात कुंकवाची डबी. "आई, हसू नका हं. माझ्या आईनं शहागडहून पाठवलाय, गोदाकाठच्या होमाचा. मी असलं काही मानत नाही, पण तुमच्यासाठी..." आणि करंगळीशेजारच्या बोटानं तिनं बारीक बारीक ठिपके लावले, रांगोळीचे काढावेत तसे नेटके. "आत्यांना सांगू नका. म्हणतील, आता बरा देव आठवला हिला."

बायनाबाईनं मान हलवली. आता तिला थोडं हसू यायला लागलं होतं, पण मौनात हसावं की नाही याबद्दल पोथीत काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिनं ते गिळलं.

तुळशीपाशी पोचायच्या आधी गोठ्याच्या कोपऱ्यावर धाकटी जाऊ सोनूबाईनं हात धरून ओढलं. सोनूबाईचं सगळंच ढळढळीत. तिनं पसाभर अंगारा तळव्यावर घेतला आणि भिंत सारवल्यासारखा फासला.

"डोंगरावरच्या देवीचा हाय, आक्का. ह्यांना धाडलं व्हतं आणायला. नंदाबाईला कळू देऊ नका." मग ती गप झाली. सोनूबाई गप झाली म्हणजे म्हैससुद्धा मान वळवून बघायची. "आन एक. मी देवीला बोलले. आक्काचा फोटो चांगला येऊ दे, मंग मी बी त्या मशीनपुढं उभी राहीन. ती पोरगी दर साली म्हणती न, घरातल्या बायांनी बी दाखवून घ्या म्हणून. मला लई भ्या वाटतं त्या मशीनचं, आक्का. पोळपाट-लाटण्यावाणी दाबतेत म्हणं. पण बोलले. तुम्ही संगं याल न?"

बायनाबाईनं मान हलवली. ही मात्र सावकाश, दोनदा.

मग दिवा लावला. मौन सुटलं. आता बोलता येत होतं, पण बोलायचं नाही असा शब्द चौघांना दिलेला.

सेंटरमध्ये आकांक्षानं गाऊन दिला, लाइट जाऊन आली, बाहेर रांग लागलेली. घाईघाईत तिनं विचारलं, "पावडर?"

"न्हाई."

"क्रीम? तेल?"

"न्हाई बाई."

"सेंट?"

"बिलकुल न्हाई," बायनाबाई अभिमानानं म्हणाली. तीन प्रश्न, तिन्ही उत्तरं खरी. सावळ्या अंगावर घामात मुरलेली राख त्या मिणमिणत्या खोलीत आकांक्षाला दिसली नाही. मशीनची दाबायची पट्टी खाली आली. "श्वास धरा, मावशी," आकांक्षा म्हणाली, आणि बायनाबाईनं श्वासाबरोबर कुलदैवतही धरलं.

फिल्म त्याच दिवशी हातात मिळाली. रिपोर्टचा फोन मात्र तिसऱ्या दिवशी मोनिकाला आला, आणि फोन ठेवून ती अंगणात आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच बायनाबाईच्या हातातली अंबाडीची जुडी खाली आली.

"घाबरायचं काही नाही," मोनिका म्हणाली.

यावर सगळे एकदम घाबरले.

"डाव्या बाजूला, ऑपरेशनच्या जागेजवळ, बारीक पांढरे ठिपके दिसताहेत. मागच्या फोटोत नव्हते. काही ओळीत आहेत. डॉक्टर म्हणाले, तेवढी जागा मोठी करून परत फोटो काढू. सोमवारी बोलावलंय."

"म्हंजी परत आलं का?" सोनूबाई.

"तसं नाही म्हणाले ते. नाही असंही नाही म्हणाले."

अंगणातल्या लिंबाखाली घर जमलं. आबाराव बाजेवर, धाकटा भाऊ कडूबा पायरीवर, नंदाबाई ओसरीच्या खांबाला टेकून, सोनूबाई मुद्दाम दुसऱ्या खांबाला. म्हैस व्याली तेव्हाचा चीक भोकरदनला पोचला नाही, तेव्हापासून त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं झालंच तर कडूबाच्या मार्फत.

"मावा हाय," आबाराव म्हणाले. "कपाशीच्या पानावर असेच दिसतेत. पहिल्यांदा बारीक ठिपके, मंग पान गुंडाळतं."

"मंग वैनीला फवारा मारायचा का?" कडूबानं विचारलं.

"तुला कोणी बोलाया सांगितलं?"

"मी आपलं इचारून राह्यलो. पंप धुऊन ठुलेला हाय."

"मी सांगते काय झालं ते," नंदाबाईनं पदर खोचला. "सुनबाईनं त्यो डबा आणलाय न, त्यातलं पांढरं भुकटं दुधात घालून पाजती वैनीला. मशीनवाली पोरगी काय म्हणली व्हती? पावडर बिलकुल न्हाई पायजे. आन हिनं घरात डबाच आणून ठुला!"

"आत्या, ती प्रोटीन पावडर आहे. ती पोटात जाते."

"पोटात गेलेली मंग जाती कुठं? अंगातच न?"

आबारावांनी दोन्ही बाजूंचा विचार केल्यासारखं केलं. "बराबर हाय नंदीचं."

मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सोनूबाई उसळली. "आवं, तुमच्या बहिणीला म्हणावं, पोरीला टोचू नका. डबा डॉक्टरनीच लिहून दिल्ता."

"कडूबा, तुझ्या बायकोला म्हणावं, जे चीक दाबून ठेवतेत त्यांनी मधी पडू न्हाई."

"म्हणावं, चीक नासला व्हता!"

"म्हणावं, मला नासका चालला असता!"

कडूबाची मान इकडून तिकडं फिरून दुखायला लागली. "तुम्हाला एकमेकीचं ऐकू येतं न? मंग मला कशाला मधी तारेवाणी ताणलं?"

बायनाबाई अंबाडीची पानं खुडत होती. ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिला मरणाची तेवढी भीती नव्हती. मरण देवाच्या हातातलं. भीती होती ती त्या शेकाच्या खोलीची. तिथं तुम्हाला झोपवून सगळे बाहेर निघून जातात, जाड दार लागतं, आणि आत एकटं आपण. सासर-माहेर, जाऊ-नणंद, सगळ्यांचा कालवा दाराबाहेर. त्या दिवसांत तिला पहिल्यांदा कळलं होतं की या घरातला कालवा तिला किती लागतो. हात आपोआप पदराखालच्या खुणेवर गेला. देवा, पुन्हा ते दार नको, ती मनात म्हणाली. मग वाटलं, मागणं फार झालं का? आणि तिनं पाच पानं जास्त खुडली.

अंगाऱ्याचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. अंगारा विघ्न काढतो. आणत नाही.

"आणा ती फिल्लम इकडं," आबाराव उठले. "माझी नजर पिकावरून गेली तरी मला रोग कळतो. डॉक्टरला काय मावा म्हाईत?"

मोनिकानं फिल्म दिली. आबारावांनी ती उन्हाकडं धरली, एक डोळा मिटला. "हे बघा. ही काळी जागा. हे ढगावाणी. आन हे ठिपके. ही एक ओळ... ही दुसरी... आन..."

ते थांबले. फिल्म जवळ घेतली. लांब धरली. मग हळूच उजव्या हाताची तीन बोटं वर करून फिल्मला लावून बघितली. बोटं बरोबर बसली.

आबारावांनी फिल्म बाजेवर पालथी ठेवली.

"भाऊ, काय झालं? मावा न्हाई का?" कडूबा.

"पाणी आण."

बायनाबाई उठली. अंबाडी मांडीवरून सांडली. तिनं फिल्म उन्हात धरली, आणि तिला जे दिसलं ते कुठल्या डॉक्टरला दिसलं नसतं. तीन आडवे पट्टे, शेवटी किंचित थरथरलेले. खाली एक वाटोळा शिक्का. बाजूला रांगोळीचे नेटके ठिपके. आणि सगळ्यावरून, भिंत सारवावी तसा, एक पसाभर फराटा.

तिच्या छातीवर तिचं अख्खं घर उमटलं होतं.

तिला हसू आलं, रडू आलं, आणि लगेच आठवलं की चौघांना शब्द दिलेला आहे.

"वैनी, बोला की! काय दिसलं?" नंदाबाई.

"मला बोलता येत न्हाई."

"आता तर दिवस कासराभर वर आला. आता कसलं मौन?"

"मौन न्हाई. शब्द दिलाय." बायनाबाईनं फिल्म बाजेवर ठेवली आणि हात जोडले. "ज्यानं त्यानं आपापलं बघा. आन ज्यानं त्यानं आपापलं सांगा. माझ्या तोंडून कोणाचंच निघणार न्हाई. पण जल्दी करा, माझा जीव टांगून राह्यला हाय."

फिल्म बाजेवरून हातोहात फिरली. 

"माझी बोटं हायेत ती," शेवटी आबाराव म्हणाले, जमिनीकडं बघत.

"कसली बोटं?"

"नाथाच्या धुनीचा अंगारा लावला व्हता मी. पहाटं."

कडूबाच्या हातातलं पाणी सांडलं. "भाऊ! तुम्ही? माझा गंडा तोडून हिरीत टाकला व्हता तो तुम्हीच न? सगळ्या चावडीसमोर?"

"ते वायलं."

"काय वायलं? तीन दिवस मला हिरीकडं बघवलं न्हाई!"

"शिक्का माझा हाय," नंदाबाई पुटपुटली. आवाज असा बसला की कडूबाला आधी दुसरंच कोणी बोललं असं वाटलं. "मी बी लावला."

मोनिकानं तोंडावर ओढणी घेतली. "ठिपके माझे."

"तुझे?" नंदाबाई. "तू तर मानत न्हाईस!"

"नाही मानत. लावला."

सगळे सोनूबाईकडं वळले. सोनूबाईनं कमरेवर हात ठेवले. "बघता काय? तो फराटा माझा. सगळ्यांत मोठा माझाच हाय. डोंगरावरच्या देवीचा हाय, खास ह्यांना पाठवून आणला, कमी कशाला लावू?"

कडूबा उठून गोठ्याकडं निघाला.

"कुठं चालले?"

"पंप बघून येतो."

"थांबा." सोनूबाईला नवऱ्याची पाठ वाचता यायची. "देवीचाच हाय न तो?"

कडूबानं पाठमोऱ्यानंच सांगितलं. गेल्ता. खरंच गेल्ता. पण डोंगराच्या पायथ्याशी हाटेलात भजी ताजी निघत होती, मग पायऱ्या दिसल्या, मग ऊन दिसलं. आणि हाटेलवाल्याच्या भट्टीची राख इतकी पांढरी, इतकी मऊ, की देवीच्या अंगाऱ्यात आणि तिच्यात देवीलासुद्धा फरक कळला नसता.

"म्हंजी मी आक्काला भज्याच्या भट्टीची राख फासली?"

"मी पायथ्यापून हात जोडले व्हते! पुडीवर!"

"सोने," नंदाबाई म्हणाली, थेट सोनूबाईकडं बघून, चीक नासल्यापासून पहिल्यांदा. "सोने, ह्याला तू उपाशी ठिव. मी भाऊ म्हणून मधी पडणार न्हाई."

"आवं, तुम्हीच बोला ह्यांना, मोठ्या बहीण हाय तुम्ही."

"बोलते की! कडू, हिकडं ये!"

म्हशीच्या चिकानं तोडलेलं भज्यांच्या राखेनं जोडलं. दोघी एका खांबाला आल्या आणि कडूबाला अशी बोलणी बसली की आबारावांना थोडं बरं वाटलं.

मोनिकानं आकांक्षाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मावशी!" आकांक्षाचा आवाज चिरका झाला. "मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तू पावडर इचारली बाई, मी न्हाई म्हणले. क्रीम इचारलं, न्हाई म्हणले. अंगारा तू इचारलाच न्हाई."

 तिकडं काहीतरी फुसफुसलं. आकांक्षा हसत होती, की रडत, कळेना. "मावशी, राखेत चुन्याचा अंश असतो. मशीनला तो छातीत कधी कधी साचणाऱ्या बारीक खड्यांसारखाच पांढरा दिसतो. चूक माझीही आहे, मी पुसून घ्यायला हवं होतं. पण ऐका. ठिपके राखेचेच आहेत असं मी फोनवर सांगू शकत नाही. सोमवारी या. तेव्हाच कळेल."

म्हणजे हसणं झालं तरी दार अजून बंदच होतं. रविवारभर घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. नंदाबाईनं भोकरदनची एसटी सोडली. मोनिकानं प्रोटीनचा डबा तरी शिंकाळ्यावर ठेवून दिला, उगीच कशाला.

सोमवारी पहाटे आबाराव काठी घेऊन न्हाणीच्या दाराशी बसले. "आज कोणी जवळ यायचं न्हाई. कडू, खिसे दाखव."

"माझ्या खिशात काय असणार?"

"तुझा भरवसा न्हाई."

आत नंदाबाई आणि सोनूबाईनं मिळून बायनाबाईला अशी घासली, की पोळ्याच्या बैलालासुद्धा तेवढं कोणी घासत नसेल. मौन असल्यामुळं तिला 'पुरे' म्हणता आलं नाही. जालन्याला आबाराव सोडून सगळे गेले. आबाराव म्हणाले, "मी येत न्हाई, मला काम हाय," आणि दिवसभर रस्त्याकडं तोंड करून बसून राहिले.

"पावडर?" आकांक्षानं विचारलं.

"न्हाई."

"क्रीम, तेल, सेंट?"

"न्हाई."

"अंगारा, विभूती, भंडारा, बुक्का, भज्याची राख?"

"न्हाई गं माय."

तरी आकांक्षानं ओल्या कापसानं सगळं पुसून घेतलं. मग पट्टी खाली आली, नेहमीपेक्षा जास्त दाबल्यासारखी वाटली. या वेळी बायनाबाईनं काही मागितलं नाही. तिनं नुसतं बाहेरचं ऐकलं. दाराबाहेर नंदाबाई कुणाला तरी सांगत होती, "राखेचं हाय वो सगळं," आणि सोनूबाई म्हणत होती, "हळू बोला की वन्सं, दवाखाना हाय," आणि कडूबा दोघींना पाणी पाहिजे का विचारत होता. आकांक्षा म्हणाली, "श्वास धरा." बायनाबाईनं धरला. कालवा ऐकू येत होता. दार असलं तरी येत होता.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. दोन्ही फिल्मा दिव्याच्या पेटीवर शेजारी लावल्या. पट्टे गेले. शिक्का गेला. रांगोळी गेली, फराटा गेला. उरली फक्त ऑपरेशनची जुनी वळी, मागच्या वर्षी होती तेवढीच.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आता पुढच्या भाद्रपदात या. आणि..." त्यांनी चष्मा काढून पुसला, "देवाला सांगा, आधी आम्हाला बघू द्या."

सोनूबाईनं तिथूनच डोंगराच्या दिशेनं हात जोडले. नंदाबाईनं पदरानं डोळे आणि नाक एकदम पुसलं. मग कनवटीला हात घालून पुडी काढली. "पोरी, आता लावला तर चालन का?"

"आता लावा, पाहिजे तेवढा," आकांक्षा म्हणाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ओळ लागली. आबारावांच्या वाटचे तीन पट्टे मोनिकानं बायनाबाईच्या कपाळावर ओढले. कडूबानं दोन्ही हात मागं बांधून लांबूनच नमस्कार केला.

निघताना आकांक्षानं सोनूबाईला विचारलं, "काकू, तुम्ही कधी दाखवून घेतलंत? तुमच्या वयाला एकदा डॉक्टरांना विचारायला हवं."

सोनूबाईनं फरशीवरच्या नक्षीत फार मन घातलं. "मला काय झालंय? मी खणखणीत हाय."

 बायनाबाईनं जावेकडं बघितलं. सोनूबाईनं नक्षी बघणं चालू ठेवलं.

पुढच्या आठवड्यात सोनूबाईला फार कामं निघाली. मूग वाळवायचे होते, गोठा लिंपायचा होता, नंदाबाईला पोचवायला भोकरदनला जायचं होतं, जाताना तिला नुसता चीक नव्हे तर रेडकूच द्यायचं कबूल केलं होतं. बायनाबाई समोर आली की ती झाडू घेऊन दुसरीकडं जायची. देवीचा विषय निघाला की म्हणायची, "आता तो अंगारा देवीचा नव्हताच, मंग नवस तरी धरायचा का, आक्का?" आणि स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून जीभ चावायची. बायनाबाई नुसती हसायची. आठवण करून द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. देवाशी बोललेलं माणसानं वसूल करू नये.

मग एका पहाटे ती तुळशीपुढं वात लावत होती, तेव्हा मागच्या दाराची कडी वाजली. वाजू नये म्हणून हळू काढलेली कडी जास्तच वाजते.

सोनूबाई बाहेर आली. लग्नाला नेसायचं हिरवं लुगडं. केस ओले, अंगाला नुसता साबणाचा वास. बांगड्या वाजू नयेत म्हणून एका हातानं दुसरं मनगट धरलेलं. ओसरीवर कडूबा घोरत होता. ती देवळीपाशी थांबली. सवयीनं बोटं देवळीतल्या अंगाऱ्यात गेली, कपाळापर्यंत आली, आणि थबकली. तिनं चिमूट कपाळाला लावली नाही. पदराच्या टोकात घातली आणि गाठ मारली. आल्यावर लावायला.

तुळशीपुढची वात पेटली होती. म्हणजे मौन सुटलं होतं, आणि बायनाबाईला आता हाक मारता आली असती. तिनं मारली नाही. हातातली काडेपेटी वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवली, चपलेत पाय सरकवले आणि जालन्याच्या पहिल्या एसटीच्या वाटेला लागलेल्या त्या हिरव्या पाठीमागं, चार पावलं अंतर ठेवून, चालायला लागली.